तीन मिलिमीटरची गल्ली

एका ओळीत? अहो मॅडम, एकतीस वर्षांनी तुमच्या ऑफिसला जाग आली आणि आता जबाब एका ओळीत हवाय — बसा हो, उभ्या का? ती फाइल खाली ठेवा, टेबलावर नको, टेबलावर मी कुणाला काही ठेवू देत नाही, सवय आहे, एकदा शिपायाने माझ्या ड्रॉइंगच्या बोर्डावर कप ठेवला म्हणून आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. हं. वाचा परत तो प्रश्न. ‘पूर्व व पश्चिम मतदारसंघांमधील हद्दीची रेघ नकाशावर बरोबर होती किंवा कसे.’ किंवा कसे! ही भाषा कोण लिहितं हो तुमच्याकडे? घरी त्याची बायको विचारत असेल, जेवणार आहात किंवा कसे. आणि खाली माझ्यासाठी अर्धी ओळ मोकळी, तिच्याखाली सही. मूळ कागद वाळवीने खाल्ले, तेव्हाचे साहेब गेले, छापखाना बंद पडला, तो नकाशा हाताने काढणारा एकटा मी जिवंत उरलोय म्हणून माझ्या दाराशी आलात. नाहीतर मला रिटायर होऊन अठरा वर्षं झाली, सरकारातून कुणी साधं पत्र टाकलं नाही.

अर्ज कुणाचा ते सांगू नका, माहीत आहे. माझ्या वहिनीचा. थोरल्या भावाची बायको, इथून चौथं घर, एक्क्याऐंशी वर्षांची बाई, दर सहा महिन्यांनी एक अर्ज टाकते, तोही स्वतःच्या हाताने, ओळी तिरक्या जातात तिच्या, कितीदा सांगितलं की कागदाखाली रेघांचा कागद धरत जा. तिला काय हवंय? एक दाखला हवाय. की तिच्या नवऱ्याचा उमेदवारी अर्ज सरकारी चुकीने बाद झाला, तो स्वतःहून बसला नव्हता. बसला म्हणजे — तुम्ही निवडणूक शाखेतल्या, तुम्हाला काय सांगायचं — समोरच्याशी आतून जुळवून घेऊन, मुद्दाम कागद अर्धवट जोडून, स्वतःचा अर्ज स्वतःच पाडून घेतला नव्हता. कारण लोक तसंच म्हणतात. अजून म्हणतात. दादाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी नळावर कुणाशी वाजलं की पहिलं तेच निघतं — ‘तुमच्या नवऱ्याने अख्खी गल्ली विकली.’ तर त्यासाठी तुम्ही आलात. रेघ चुकली होती असं मी लिहिलं, की दादा सुटला. बरोबर होती असं लिहिलं, की लोक म्हणतात तेच खरं. कळलं मला. मला अजून म्हातारचळ लागलेला नाही.

पण गंमत बघा, तुम्ही रेघेचं विचारता, आणि त्या रेघेच्या आत काय माल भरला होता ते कुणी विचारत नाही. ते ऐका आधी. घाई आहे? सरकारी माणसाला घाई! आधी एकच मतदारसंघ होता, अख्खं शहर, रेल्वेच्या यार्डापासून साबणाच्या कारखान्यापर्यंत. पहिले खासदार वकीलसाहेब. सलग चारदा. चारदा! चांगला माणूस होता म्हणतात. असेल, गेलेल्याला चांगलं म्हणायला काय जातं. वीस वर्षांत त्या सभागृहात पाच वेळा तोंड उघडलं — चारदा शपथ घ्यायला आणि एकदा जांभई द्यायला, आणि ती जांभई पेपरात फोटोसकट आली तर इथले लोक म्हणाले, बघा, किती राबतात, थकतात बिचारे. दर निवडणुकीला या गल्लीच्या तोंडाशी त्यांची गाडी थांबायची, काच खाली व्हायची आणि आतून आवाज यायचा, ‘नाल्याचं काय झालं?’ अहो, नाल्याचं काय झालं ते तुम्ही सांगायचं ना आम्हाला! चार निवडणुका आम्हालाच विचारलं. शेवटी नगरपालिकेने वर फरशा टाकून नाला झाकला, तर पाचव्या वेळी गाडी आली, काच बिघडलेली, खाली येईना, आणि ड्रायव्हरने उतरून विचारलं, ‘साहेब विचारतात, नाला कुठे गेला?’ पडले त्या वर्षी. काचेमुळे नाही हो, भोंग्यामुळे पडले.

भोंगा म्हणजे कामगारांचा पुढारी. त्याला माइक लागायचा नाही, म्हणून ते नाव. छाती अशी, मिशा अशा, गेटवर उभा राहिला की आतली यंत्रं बंद केल्याशिवाय मुकादमाला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. चाळीस हजारांनी निवडून आला. मीही मत दिलं. दिलं हो, लाजायचं काय, सगळ्यांनीच दिलं. पहिल्या वर्षी आवाज होता. दुसऱ्या वर्षी घसा बसला. तिसऱ्या वर्षी बाकीचाही बसला, खुर्ची मऊ असणार. साबणाच्या कारखान्याला टाळं लागलं त्या दिवशी हा परदेशात, शिष्टमंडळाबरोबर, विषय काय तर कामगारांचं आरोग्य! परत आला तो गळ्याला मफलर गुंडाळून. गेटवर सहाशे माणसं बसलेली, बायकापोरांसकट, आणि हा हातानेच खुणा करतो, की डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. मनाई! आयुष्यभर ज्या गळ्यावर खाल्लं तोच गळा ऐन वेळी रजेवर.

तेव्हा त्या गेटवर बोललं कोण? दादा. त्याच कारखान्यात लेथवर होता तो, टर्नर, आणि सगळे त्याला टर्नरच म्हणायचे, नाव कुणाला माहीतच नव्हतं. भाषण कसलं — उभा राहिला आणि म्हणाला, ‘ज्याच्या घरी कुणी आजारी आहे त्याने मला आत्ता सांगा, आधी तेवढं बघू, मग टाळ्याचं बघू.’ एवढंच. आणि माणसं रडली हो! मी कडेला उभा होतो, ऑफिस सुटल्यावर बघायला गेलो होतो, मला कळेना यात रडण्यासारखं काय आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच घरोघर फिरला. दवाखान्यात रांगेत उभा राहायचा दुसऱ्यांच्या आजारपणासाठी. अर्ज लिहून द्यायचा. रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर वीस-पंचवीस माणसं, शाळेचा दाखला, रॉकेल, विधवेचं पेन्शन, जे म्हणाल त्याचा अर्ज. सातवी शिकलेला माणूस. सातवीच का? कारण वडील गेले आणि दोघांतल्या एकालाच पुढे शिकता येणार होतं. तो लेथवर गेला आणि मी ड्रॉइंगच्या डिप्लोमाला. झालं, सांगून टाकलं. तोही कधी बोलून दाखवायचा नाही, हे जास्त — बोलला असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो. तो काय करायचा माहीत आहे? चारचौघांत माझा हात धरून वर करायचा आणि म्हणायचा, ‘हा माझा धाकटा, याच्या हातची रेघ बघा एकदा.’ मुलगी दाखवायला आणल्यासारखं. आणि लोक मला म्हणायचे, अच्छा, तुम्ही टर्नरचे भाऊ. ऑफिसात नवीन शिपाई आला, तोही पहिल्या दिवशी तेच. एकवीस वर्षं सर्व्हिस माझी, आणि मी कोण, तर टर्नरचा भाऊ.

माझ्याकडे माझं असं एकच होतं. शुद्धिपत्रक माहीत आहे तुम्हाला? आता कुठे असणार, आता कॉम्प्युटरवर चूक पुसली की झाली नाहीशी. तेव्हा नकाशा छापून गेला आणि मागून चूक सापडली तर खात्याला कागद काढावा लागायचा — अमुक नकाशात अमुक जागी अमुक वाचावे — आणि खाली नकाशा काढणाऱ्या आरेखकाचं नाव. नावानिशी! वर्षभर भिंतीला टाचलेला असायचा, येताजाता सगळे वाचायचे. आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांचे निघाले होते, खुद्द हेडचे दोन. माझा एकही नाही. एकवीस वर्षांत एक नाही. ट्रेसिंगवर चूक झाली तर आम्ही ब्लेडने शाई खरवडायचो, तेही मला फार तर वर्षातून एकदा लागायचं. आणि हेडची जागा पुढच्या मार्चमध्ये रिकामी होणार होती. हे लक्षात ठेवा, नको, लक्षात ठेवू नका, त्याचा काही संबंध नाही.

तर शहर वाढलं, आयोग बसला, एका मतदारसंघाचे दोन करायचे ठरले, पूर्व आणि पश्चिम. एक खासदार काही करत नाही ना, मग दोन घ्या! हद्द कुठून? नाल्यावरून. लेखी वर्णनात नाला, नकाशात नाला, त्या झाकलेल्या नाल्याच्या दोन्ही अंगांना सेहेचाळीस घरांची गल्ली उभी आहे हे बघायला आयोगाला वेळ कुठला. मी रेघ काढली. पाव मिलिमीटर, केसासारखी, नाल्याच्या पूर्वेच्या काठापलीकडून, घरांच्या मागून — म्हणजे गल्ली सगळी पश्चिमेत. अगदी बरोबर. मग साहेब म्हणाले, हॉलमध्ये जाहीर सुनावणी आहे, मोठा नकाशा टांगायचाय, शेवटच्या खुर्चीवरून हद्द दिसली पाहिजे. दिसली पाहिजे! नकाशा हातात धरून वाचायचा असतो हे ज्याला माहीत नाही तो नकाशा खात्याचा साहेब. तर मी दुसरी प्रत काढली, दाखवायची. रेघा मारायचं रुलिंग पेन, त्याची दोन पाती उघडून उघडून किती उघडणार, दोन समांतर रेघा मारून मधे शाई भरली, पूर्वेकडे अक्षरं होती म्हणून सगळी जाडी पश्चिमेकडे घेतली. तीन मिलिमीटर. सुंदर रेघ होती, मॅडम. कडा अशा, की बोट फिरवलं तर कापेल. हॉलमध्ये सगळ्यांना दिसली. आणि साहेबांनी छापखान्यात कुठली प्रत पाठवली? बारीक रेघेची मूळ? ती कपाटातच. हॉलमधली गेली. का, तर ती छान दिसत होती.

आता तुम्ही हिशेब करा. एक सेंटिमीटरला शंभर मीटर. एक मिलिमीटरला दहा. तीनाला? बरोबर. तीस मीटर रुंद रेघ! आणि ही गल्ली, दोन्हीकडची घरं धरून, सत्तावीस. पूर्वेचा मतदारयादी करणारा आला, नकाशा हातात, रेघेच्या त्या कडेला थांबला. पश्चिमेचा आला, या कडेला थांबला. दोघेही आज्ञाधारक. सेहेचाळीस घरं, दोनशेच्या वर मतं, शाईच्या खाली. ना पूर्वेत ना पश्चिमेत. मी? मी नव्हतो इथे राहायला, मी सरकारी क्वार्टरमध्ये, पूर्वेत, माझं नाव यादीत ठळक छापलेलं, बापाच्या नावासकट.

आता जावई. पश्चिमेत तिकीट मिळालं वकीलसाहेबांच्या जावयाला. चाळिशीपर्यंत त्याने एकच निवडणूक जिंकली होती, ती वकीलसाहेबांच्या घरात, मुलीच्या मताने. पांढरे बूट घालायचा. या रस्त्यांवर पांढरे बूट! मागून एक माणूस फडकं घेऊन चालायचा. आणि त्याच्यासमोर लोकांनी उभं केलं दादाला. तो नाही म्हणत होता, लोकांनी ऐकलं नाही, यार्डातले, कारखान्यातले, दवाखान्यातल्या नर्सा, सगळे ओट्यावर येऊन बसले, की तू फॉर्म भरल्याशिवाय उठणार नाही. आणि तो निवडून आला असता. भावाचं कौतुक म्हणून सांगत नाही, मी भावाचं कौतुक कधी केलंच नाही. आला असता. जावयाच्या लोकांनाही माहीत होतं, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. या मतदारसंघाला त्याच्या सगळ्या इतिहासात एकदा, एकदाच, माणूस मिळणार होता.

फॉर्म भरायला तीन दिवस उरलेले. दुपारी माझ्या सेक्शनला आला, दोन याद्या काखेत. त्याने त्या माझ्या बोर्डावर ठेवल्या — बोर्डावर, हो — आणि हसत म्हणाला, ‘बघ रे जरा. पूर्वेत नाही, पश्चिमेत नाही, अख्खी गल्ली नाही. गेलो कुठे आम्ही?’ मी छापील नकाशा काढला. पट्टी लावली. पट्टी लावायची गरज नव्हती, मला बघताक्षणी दिसलं, पण तो बघत होता म्हणून लावली. आणि सेक्शनमधली सगळी माना वर करून बसलेली, टर्नर आलाय ना, टर्नर! कुणी स्टूल आणलं, कुणी पाणी आणलं. एकवीस वर्षांत मला कुणी पाणी आणून दिलं नव्हतं. मी म्हणालो, ‘नकाशा बरोबर आहे. याद्या करणाऱ्यांचा घोळ आहे, त्यांच्याकडे जा.’

काय बघताय? माझ्या सहीची एक चिठ्ठी पुरली असती, मला माहीत आहे. ‘गल्ली पश्चिमेत.’ दोन शब्द. पण मग शुद्धिपत्रक निघालं असतं, माझ्या नावाचं, मार्च तोंडावर. आणि — आता विचारलंच आहे तर — विचारलं नाहीत? बरं, नाही विचारलं. पण फक्त मार्च नव्हतं. ते पाण्याचं भांडं होतं. मला वाटलं, जाऊ दे ना याला एकदा स्वतःसाठी रांगेत, कळू दे. एवढंच वाटलं. तीन दिवस आहेत, काढेल मार्ग, सगळ्यांचे काढतो. तो गेला. पूर्ववाले म्हणाले तुम्ही पश्चिमेचे, पश्चिमवाले म्हणाले पूर्वेचे, दोघांनी तोच नकाशा दाखवला, बघा आमची कड इथे संपते. तीन दिवस दोन ऑफिसांत चपला झिजवल्या त्याने. मी संध्याकाळी घरी पेपर वाचत बसायचो, उद्या चिठ्ठी देऊ, उद्या देऊ.

छाननीच्या दिवशी मी होतो. मागच्या बाकावर. आयोगाचा अधिकारी वाईट नव्हता, खरंच, चष्मेवाला, शांत. म्हणाला, उमेदवार कुठल्यातरी यादीत मतदार हवा, दाखला जोडा. दादा म्हणाला, यादीत अख्खी गल्ली नाही. अधिकाऱ्याने चष्मा काढला आणि विचारलं, ‘नकाशात चूक आहे असं तुमचं म्हणणं आहे का? तसं असेल तर लिहून द्या, मी निर्णय उद्यावर ठेवतो, मूळ प्रत मागवतो.’ ऐकताय ना? उद्यावर ठेवतो म्हणाला. कपाटातली बारीक रेघ बाहेर आली असती. आणि दादाने — थांबा — दादाने मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘नाही साहेब. नकाशा माझ्या भावाने काढलाय. तो चुकत नाही.’

पाच मिनिटांत बाद. आणि मी बसून होतो. उठलो नाही.

बाहेर आल्यावर तासाभरात सुरू झालं. जो जगाचे अर्ज लिहून देतो, त्याला स्वतःच्या अर्जाला दाखला जोडता येत नाही होय? बसला! गल्लीची नावंही त्यानेच गाळून घेतली, कारण दिसायला हवं म्हणून. आणि शेवटचा खिळा काय, तर — ‘सख्खा भाऊ नकाशा खात्यात आहे, चूक असती तर भाऊ बोलला नसता का?’ बिनतोड आहे हो! मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. ओट्यावर यायचं बंद झालं सगळं. वीस-पंचवीस माणसं यायची तिथे पुढच्या आठवड्यात दोन, मग कुणी नाही. तरी सगळ्यांनी सोडलं नव्हतं त्याला, तेही सांगतो. मतमोजणीला आमच्या खात्यातली माणसं घ्यायचे, बाद मतांचं टेबल माझ्याकडे होतं. एकेक कागद उलगडायचा, शिक्का कुठेच नाही, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने ‘टर्नर’. कुणी जावयाच्या नावावरच आडवं लिहिलेलं. कुणाला लिहिता येत नसेल, त्याने नुसतं चाक काढलेलं, दात्यांसकट. जावई तीन हजार आठशेंनी आला. माझ्या टेबलावर नऊ हजार दोनशे. मी स्वतः शिक्का मारला एकेकावर — बाद. बाद. बाद. मनगट सुजलं होतं.

मार्चमध्ये हेड झालो. पहिलं काम काय केलं? त्या नकाशाची नवी आवृत्ती काढली, पाव मिलिमीटर, गल्ली पश्चिमेत. शुद्धिपत्रकाशिवाय. नवी आवृत्ती निघाली की शुद्धिपत्रक लागत नाही, नियमच आहे. कुणी विचारलं नाही. पुढच्या निवडणुकीत सेहेचाळीसच्या सेहेचाळीस घरं यादीत, आणि जावई गल्लीत येऊन गेला, पांढरे बूट, मागे फडकं. तीनदा निवडून आला तो. नंतर डॉक्टरीणबाई, तिने पाच वर्षांत मतदारसंघाची नाडी एकदा बघितली नाही. आणि आता हा, ज्याच्या गाडीत कायम कात्री असते, फीत दिसली की कापतो, परवा दुकानाच्या शटरची फीत कापली तर दुकानदार म्हणाला साहेब, ती मोजायची टेप होती. हसा ना. सगळे हसतात. मी या सगळ्यांना शिव्या घालतो सकाळ-संध्याकाळ, पेपर हातात आला की सुरू, शेजारी म्हणतात, काकांसारखं परखड कुणी नाही. आणि दादा? दादा तेवीस वर्षं जगला त्यानंतर. एका गॅरेजमध्ये लेथवर बुशिंग कातत होता. मी रिटायर झालो, क्वार्टर गेलं, बायको आधीच गेलेली, तर ही खोली त्यानेच शोधून दिली मला, स्वतः चुना मारला. एकदाही विचारलं नाही. शेवटी दवाखान्यातसुद्धा, बाजूच्या खाटेवरच्या माणसाला काय सांगतो तर, ‘हा माझा धाकटा.’ मी म्हणालो, दादा झोप. आता तुम्हीच सांगा, त्या वेळी सांगून काय उपयोग होता? नव्हता ना? मग.

हे काय — तुम्ही लिहिताय? सगळं? केव्हापासून? द्या इकडे. द्या म्हणतो ना. अहो, हे मी बोलता बोलता बोललो, माणूस घरात बसून बोलतो, त्याचा जबाब होत नाही. तीन पानं! तुमच्या फॉर्मवर अर्धी ओळ आहे, तुम्हीच म्हणालात एका ओळीत. हे फाडतो मी. राग मानू नका. फाडलं. आता तो फॉर्म द्या, आणि पेन, माझंच घेतो मी, तुमचं गळतंय.

‘हद्दीची रेघ बरोबर होती.’ हं. आणि खोटं नाही ते, मॅडम, लक्षात घ्या. मी काढलेली मूळ रेघ, पाव मिलिमीटर, पूर्वेच्या काठापलीकडून — बरोबरच होती ती. कुठल्याही कोर्टात सांगेन. जाड रेघ साहेबांनी मागितली, छापखान्यात साहेबांनी पाठवली. तुमच्या प्रश्नात जाड की बारीक विचारलंय कुठे? नाही विचारलंय. जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर. झाली सही. बघा, शहात्तरावं चालू आहे, हात कापत नाही.

वहिनीला तुम्हालाच कळवावं लागेल. ती आधी मानणार नाही, तुमच्यावर ओरडेल, तुमच्या साहेबांवर ओरडेल, ती बोलायला लागली की ऐकत नाही कुणाचं. मग माझं नाव सांगा. सांगा, भाऊजींनी स्वतः लिहून दिलंय. गप्प होईल. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

निघा आता. एक वाजत आला, ती माझं ताट घेऊन येईल, रोज स्वतः आणते. तुम्हाला इथे बघितलं तर उगाच आशा लावून बसेल.